शिंगं उतरवताना

झऱ्यावर पाणी भरता भरता कानोरानं सहज विचारलं, "तुझा भाऊ नीट जेवतो ना गं?" आवेन्हा हो म्हणाली, मडकं कमरेवर घेतलं आणि चढणीला लागली. गावाभोवतीच्या उंच लाकडी कुंपणाच्या दारापर्यंत तिला काहीच वाटलं नाही. दारातल्या अरुंद फटीतून अंग तिरकं करून आत शिरताना मडकं हिंदकळलं, नुकत्याच वितळलेल्या बर्फाचं गार पाणी पायावर आलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की कानोराच्या आवाजात काहीच नव्हतं. टोमणा नव्हता, राग नव्हता. आजारी माणसाची चौकशी करावी तसं तिनं विचारलं होतं. कानोराचा मुलगा भर हिवाळ्यात उत्तरेच्या लोकांवर चालून गेलेल्या टोळीबरोबर गेला आणि परत आला नाही. तो ज्याच्या शब्दावर गेला तो माणूस म्हणजे आवेन्हाचा धाकटा भाऊ, तेहोन्ते. कानोरानं मडकं हिसकावून फोडलं असतं, तर झऱ्यावरच्या बाकीच्या बायांनी नुसतं तोंड फिरवलं असतं. आवेन्हाला बहुतेक तेच हवं होतं. फुटलेलं मडकं घेऊन ती घरी आली असती, कुणी विचारल्यावर सांगितलं असतं, आणि दोन्ही घरांमध्ये काहीतरी फिटल्यासारखं झालं असतं. आता फिटायला काही उरलं नव्हतं. कानोरानं विचारलं आणि तिनं उत्तर दिलं. खरंच उत्तर दिलं. तेहोन्ते नीट जेवत होता.

एकेका कुळाची कुटुंबं एका छपराखाली राहतात अशा लांबघरांच्या मधल्या बोळातून ती चालत राहिली. सालींच्या छपरांमधून धूर वर येत होता आणि वारा नसल्यामुळे तिथेच बसून राहिला होता. समोरून मेपलच्या झाडाच्या गोड रसाची सालीची भांडी घेऊन बाया येत होत्या. तिला बघून त्या नेहमीसारख्या बाजूला झाल्या, कुळमातेला वाट देतात तशा. एकीनं तर "पाय भिजला की हो तुमचा" असंही म्हटलं. सगळं जागच्या जागी होतं, मान होता, वाट होती, आणि आवेन्हाला वाटलं की आपण ज्या जमिनीवर चालतोय तिच्याखाली कुणीतरी हळूहळू माती काढून घेतंय. ती कासवकुळाची कुळमाता होती. कुळातल्या बायकांनी बसून ठरवायचं, तिनं ते शब्दांत मांडायचं, आणि ज्याच्या डोक्यावर त्यांनी हरणाची शिंगं चढवली त्या पुरुषानं तेच शब्द उचलून पुरुषांच्या सभेत न्यायचे, एकही न सांडता. शिंगं चढवणं बायकांच्या हातात, उतरवणंही बायकांच्याच हातात. हे तिला आईनं शिकवलं होतं, आईला आजीनं. शिकवताना आईचा आवाज मका दळताना असतो तसा एकसारखा असायचा, आणि आवेन्हाला तेव्हा वाटायचं की उतरवण्याचा भाग हा नुसता म्हणायचा म्हणून आहे.

गेल्या शरदात ताप आला. गावात कितीतरी लेकरं गेली, त्यात तेहोन्तेच्या मुलीची, वेन्निसेची, छोकरी गेली. वेन्निसे तिच्या आईच्या, म्हणजे अस्वलकुळाच्या, लांबघरात राहायची, आणि तेहोन्तेही लग्न झाल्यापासून तिथेच. पुरुष झोपतो बायकोच्या घरी आणि बोलतो बहिणीच्या घरातर्फे. यात आजवर कुणाला अडचण वाटली नव्हती. वेन्निसे रडायला लागली ती थांबेना. लेकरू गेलेली बाई रडतेच, पण हे रडणं वेगळं होतं. ते मोठं नव्हतं. चुलीजवळ बसून ती बारीक आवाजात कण्हल्यासारखं रडायची, जेवताना रडायची, झोपेतही तिचा श्वास अडखळायचा. आवेन्हा भेटायला गेली तेव्हा त्या घरातल्या बाया कानांवर केस ओढून कामं करत होत्या. आणि तेहोन्ते मुलीच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसला होता, तोंड पांढरं पडलेलं, जणू कुणी त्याला तिथे बांधून ठेवलंय. मग वेन्निसेनं मागितलं ते मागायचा तिला हक्कच होता. बापाच्या कुळातल्या पुरुषांनी जावं आणि गेलेल्या मुलीच्या जागी एक मुलगी आणावी, उत्तरेच्या लोकांची. तिला आम्ही तेच नाव देऊ, तीच कूस देऊ.

कासवकुळाच्या बायका बसल्या आणि त्यांनी नाही म्हटलं. पीक निम्मं आलं होतं, तापातून उठलेल्या पोरांना धड धनुष्य ओढता येत नव्हतं, आणि उत्तरेचे लोक त्या वर्षी एकत्र येऊन राहिले होते. नाही म्हणताना कुणालाच बरं वाटलं नव्हतं. आवेन्हानं ते शब्द भावाच्या हाती दिले, कारण शिंगं त्याच्या डोक्यावर होती, आणि बरोबर शब्दांची खूण म्हणून पांढऱ्या शिंपल्यांची माळ दिली. तो माळ घेऊन सभेत गेला, उभा राहिला, आणि म्हणाला की कासवकुळाच्या बायकांची संमती आहे.

बायकांना हे कळलं तेव्हा पोरं चामड्याचे जोडे बांधत होती. आवेन्हा त्याच्याकडे एकटी गेली. पहिली समज एकटीनंच द्यायची असते, हळू आवाजात, दोघांतच राहील अशी. "सभेत जा आणि बोललास ते मागे घे," ती म्हणाली. तो म्हणाला, "घेतो अक्का." त्यानं घेतलं नाही. टोळी निघाल्यावर ती दुसऱ्यांदा गेली, या खेपेला कुळातल्या दोघी जाणत्या बाया बरोबर घेऊन. "पळणारा माणूस पाठव, पोरांना माघारी बोलव." तो म्हणाला, "उद्या पाठवतो." तसं म्हणताना त्यानं तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू तोच तिला काहीतरी समजावतोय. दुसऱ्या दिवशी बर्फ पडलं, मग पडतच राहिलं. टोळी परत आली तेव्हा नदीच्या बाजूनं एकेक माणूस येत होता आणि कुंपणावर चढलेल्या बायका मोजत नव्हत्या, कारण मोजायला लागलं की कळलं असतं. शेवटी आला तो सागोन्हे, टोळीचा पुढारी, पाठीवर कातड्यात गुंडाळलेली एक मुलगी घेऊन.

मडकं चुलीजवळ ठेवून आवेन्हा बसली. घरात त्या दिवशी कासवकुळाच्या बायका आधीच जमल्या होत्या. त्या तिच्यासाठी थांबल्यात हे तिला माहीत होतं, म्हणूनच ती पाणी आणायला गेली होती. कुणीतरी शेंगा निवडत होतं, कुणी काहीच करत नव्हतं. थोरली मावशी, जिच्या तोंडात एक दात उरला होता आणि जिला कुणी गप्प बसवू शकत नव्हतं, म्हणाली, "आलीस? बर्फ वितळलं. आता कशाची वाट बघायची ते तरी सांग."

"वाट बघत नाही, मावशी."

"मग पाण्याला इतका वेळ कसा लागला? झरा आटला का?"

एकदोघी हसल्या आणि लगेच थांबल्या. एक तरणी बाई, शेंगांवरून मान वर न करता, म्हणाली, "भाऊ आहे त्यांचा. मी असते तर मलाही जड गेलं असतं."

"जड जायलाच पाहिजे," मावशी म्हणाली. "ज्या बाईला हे हलकं जातं तिला कुळमाता करू नये. पण जड जातं म्हणून बसून राहायचं असेल तर तसं सांग आवेन्हा, आम्ही आमचं बघतो. तुझ्याहीवर कुणीतरी बसलेलं आहे हे विसरू नकोस. आम्ही बसलोय."

आवेन्हानं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. तिला राग यायला हवा होता. उलट कुणीतरी आपल्याला धरून उभं केल्यासारखं वाटलं. आणि त्याच वेळी तिला एक जुनी गोष्ट आठवत होती, खरं तर झऱ्यापासूनच आठवत होती. जुन्या गावची जमीन थकली तेव्हा सगळं गाव उचलून या टेकडीवर आलं. तेहोन्ते तेव्हा लहान होता, आईनं त्याच्याकडे बियाण्याची टोपली दिली होती. जुन्या गावात एक आंधळी म्हातारी होती, दुसऱ्याच कुळाची, ती उठेना. मी इथेच मरते म्हणून रडत बसली. तिच्या घरच्यांनी समजावलं, ओढलं, शिव्या दिल्या, शेवटी पुढे गेले. उद्या येऊन उचलून नेऊ म्हणाले. दिवसभर चालून सगळे नव्या जागी पोचले तेव्हा तेहोन्ते नाही. मामा उलट पावली निघाले, आणि वाटेत त्यांना तो दिसला, म्हातारीचा हात धरून, एकेक पाऊल सांगत येताना. पाऊस लागला होता. बियाण्याची टोपली जुन्या गावातच राहिली होती. त्या वर्षी आईनं उसनं बी पेरलं.

पुढे मामा, ज्यांच्या डोक्यावर शिंगं होती, वारले आणि कुळानं नवा माणूस शोधायला घेतला, तेव्हा आवेन्हा नुकतीच कुळमाता झाली होती. याच घरात, याच चुलीजवळ तिनं ही गोष्ट सांगितली. सगळ्यांना ती माहीत होती, तरी तिनं पुन्हा सांगितली. हा माणूस कुणी रडत असताना पुढे जात नाही, ती म्हणाली. दुसरं नाव मावसभावाचं होतं, होदारेचं. पण होदारे बायकोला पुरून आला त्याच दिवशी जाळं दुरुस्त करायला बसलेला सगळ्यांनी पाहिला होता, आणि त्याचं नाव घेताना कुणाच्या आवाजात ऊब नव्हती. बियाण्याचंही कुणीतरी काढलं होतं. तेव्हा हीच थोरली मावशी, तोंडात तेव्हा बरेच दात होते, हसून म्हणाली होती, "बियाणं भिजलं असेल, माणूस तर वाचलं." सगळ्या हसल्या. तेहोन्तेवर ठरलं. आवेन्हानं शिंगं त्याच्या डोक्यावर बसवली तेव्हा तो इतका खाली वाकला की त्याच्या केसांतला धुराचा वास तिला आला, आणि आपल्या नजरेचा तिला फार अभिमान वाटला. कुळमातेचं काम म्हणजे लेकरांकडे बघत राहणं. कोण वाटून खातं, कोण चिडल्यावर दगड उचलतं, कोण ऐकून घेतं. वर्षानुवर्षं बघायचं आणि मग एक बोट दाखवायचं. तिनं बरोबर बघितलं होतं. आजही तिला तेच दिसत होतं. तो बदलला असता, शिंगांनी माजला असता, तर तिला ते सोपं गेलं असतं. पण तो तोच होता. एक बाई रडत होती आणि तो पुढे गेला नाही.

"सागोन्हेला बोलवा," ती म्हणाली. "ऊन आहे तोवर जाऊन येऊ."

सागोन्हे आला तो शिंगं उतरवताना टाकायची काळ्या शिंपल्यांची माळ घेऊनच आला; म्हणजे त्याच्या घरीही ठरलं होतं. तिसऱ्या वेळी कुळाच्या लढवय्यानं बरोबर यायचं असतं. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं हिमानं गेली होती आणि ती जागा तो सारखी अंगठ्यानं चोळत होता. बोळातून जाताना तो तिच्या एक पाऊल मागे होता.

"मावशी," तो म्हणाला, "एक सांगू?"

"सांग."

"निघायच्या आधी मी त्याला विचारलं होतं. बाजूला घेऊन. म्हटलं, आमच्या बायका खरंच हो म्हणाल्या? मला पटत नाही, कारण माझी आई घरी काहीच बोलली नाही. तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, हो म्हणाल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, डोळ्यांत पाणी असलेला माणूस कशाला खोटं बोलेल." थोडं चालून तो म्हणाला, "कानोराचा पोरगा माझ्या पुढ्यात पडला. त्याला तिथेच टाकून यावं लागलं, कारण पाठीवर ती मुलगी होती. दोघांना उचलता येत नव्हतं."

तेवढ्यात अस्वलकुळाचं दार आलं.

आत अंधार होता आणि उबदार होतं. डोळे सरावले तसं तिला आधी वेन्निसे दिसली. ती रडत नव्हती. तिचे गाल भरले होते, आणि तिच्या मांडीवर ती मुलगी बसली होती, केसांना सूर्यफुलाचं तेल चोपडलेलं, गळ्यात गेलेल्या मुलीची मण्यांची माळ. वेन्निसे तिला घास भरवत होती आणि त्या दुसऱ्या मुलीच्या नावानं हाक मारत होती. मुलगी खात होती. बघत मात्र ती दाराकडे होती, सारखी, दारातून आत येणाऱ्या उजेडाकडे. त्या नजरेत आशा नव्हती, सवय होती. उत्तरेला कुठल्यातरी सालीच्या घरात आत्ता कुणीतरी बाई चुलीजवळ बसून बारीक आवाजात रडत असेल. आवेन्हाला ते इतकं स्पष्ट ऐकू आलं की तिनं क्षणभर भिंतीला हात टेकला. रडणं संपलं नव्हतं. ते इथून उचलून तिकडे नेऊन ठेवलं होतं, आणि वाटेत कानोराच्या घरीही थोडं सांडलं होतं.

तेहोन्ते बर्फात चालायच्या जाळीच्या जोड्याला वादी भरत होता. तिला बघून तो हसला. "अक्का, ये ना. उभी का?"

"बसायला नाही आले."

मग त्याला तिच्या मागचा सागोन्हे दिसला, त्याच्या हातातली माळ दिसली. जोडा त्यानं बाजूला ठेवला. हात पुसले. वेन्निसेनं मुलीला छातीशी आवळलं आणि म्हणाली, "आत्या, हिला नाही ना नेणार? हिनं काय केलंय?"

"हिला कोण नेतंय, बाई. ती तुझी झाली." मग ती भावाला म्हणाली, "बाहेर चल. उन्हात. आणि येताना ते घेऊन ये."

तो आत गेला, मचाणावरून कातड्यात बांधलेली शिंगं काढून आणली, लेकराला आणावं तशी दोन्ही हातांवर. बाहेर बोळात तोवर माणसं जमली होती. कुणी बोलवली नव्हती. कानोरा त्यांच्यात होती का हे आवेन्हानं बघितलं नाही. माणसं लांब उभी होती. एका घरातून मका कांडण्याचा आवाज येत होता, तोही थांबला.

"बायकांनी तुला जे शब्द दिले होते तेच तू सभेत बोललास का?" तिनं विचारलं.

"नाही."

"तुला दोनदा सांगितलं."

"सांगितलंस."

"मग?"

तिला ठाऊक होतं की हा प्रश्न विचारायचा नसतो. सांगितलंस म्हटल्यावर पुढचं वाक्य ठरलेलं होतं, ते म्हणायचं आणि संपवायचं. पण तिनं विचारला, आणि सागोन्हेनंही तिला थांबवलं नाही.

"ती रडत होती, अक्का," तेहोन्ते म्हणाला. त्याच्या आवाजात लाज नव्हती, अजिजीही नव्हती. "तू एकदोनदा येऊन गेलीस. मी रोज तिच्या शेजारी होतो. तुम्हा बायकांचं बरोबर होतं, मला कळत होतं. पण ऐकवेना."

"कानोराही रडते."

तो खरंच विचार करत होता, तिला दिसत होतं. तिच्यापासून तो काही लपवत नव्हता. मग म्हणाला, "ती माझ्या घरात रडत नाही."

 आवेन्हाच्या मनात त्या क्षणी काही फुटलं नाही, उलट सगळं अगदी शांत झालं. तिच्या डोळ्यांपुढे आंधळ्या म्हातारीचा हात धरून येणारा मुलगा होता आणि ती त्याच्याकडे बघत होती, इतकी वर्षं बघत होती तशीच, आणि आता तिला कळत होतं की म्हातारी त्याच्या जवळ बसून रडत होती. एवढंच. त्या वर्षी उसन्या बियांचा मका विरळ आला आणि हिवाळ्याच्या शेवटी घरोघरी लेकरं भुकेनं रडली, त्यात त्याला तसं काही ऐकू आलं नव्हतं. दुरून येणारं त्याला कधीच ऐकू येत नव्हतं. याला तिनं मोठं मन म्हटलं होतं. सगळ्यांनी म्हटलं होतं.

तिनं मान हलवली तसा सागोन्हे पुढे झाला आणि त्यानं काळी माळ तेहोन्तेसमोर धरली, मग सोडली. ती चिखलात पडली. ती तेहोन्तेनं झेलली नाही, दुसऱ्या कुणीही झेलली नाही. आवेन्हा म्हणाली, "या उजेडात, सगळ्यांच्या देखत, कासवकुळाच्या बायका तुझ्या डोक्यावरून ही शिंगं काढतात. शिंगांबरोबर तुला दिलेलं कुळाचं जुनं नावही काढून घेतात. ते तुझं नव्हतं, तुझ्या आधीच्यांचंही नव्हतं, आमचं होतं. आता तू तेहोन्ते. तुझं बोलणं आजपासून तुझं एकट्याचं." आवाज नीट लागला. आई म्हणायची तसा, दळताना लागतो तसा. तेहोन्तेनं शिंगं तिच्या हातांत दिली. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, गरम होती, वादी भरून भरून खरखरीत झालेली. "धर नीट, अक्का," तो हळूच म्हणाला, "एक टोक सैल आहे." आणि वळून तो घरात गेला.

लोकांना वाटलं होतं की तो खचेल. तो खचला नाही. वसंतात तो मासे मारायला जाऊ लागला, उन्हाळ्यात त्या मुलीला खांद्यावर बसवून स्ट्रॉबेरी वेचायला नेऊ लागला. ती आता चार शब्द बोलत होती. आवेन्हाला तो वाटेत भेटला की थांबायचा, हसायचा. एकदा म्हणाला, "खरं सांगू का, बरं वाटतं. रोज सभेत बसून पाठ मोडायची. शिंगं असताना मला कधी झोप लागली नाही."  आपणच त्याच्यावर ते ठेवलं होतं आणि तो इतकी वर्षं वाकून उभा होता, असा त्याचा अर्थ होत होता. का मग तो तिला बरं वाटावं म्हणून बोलत होता, ती समोर उभी होती म्हणून? तिला ठरवता येईना. घरी येऊन ती साल सुटावी म्हणून मक्याला राख घालून उकळायची, धुवायची, पुन्हा धुवायची, आणि चाळणीतून गळणारं पाणी केव्हाच स्वच्छ झालं तरी तिचे हात थांबायचे नाहीत.

शिंगं तिच्या मचाणावर होती आणि त्यांच्यासाठी माणूस शोधायचा होता. ती तरण्या पुरुषांकडे, पोरांकडे बघायची, आणि तिची नजर तिलाच नकोशी वाटायची. एखादा उदार दिसला की वाटायचं, हा उद्या दुसऱ्याचंही वाटून टाकील. एखादा धीट दिसला की त्याच्या मागे कुंपणावर चढलेल्या बायका दिसायच्या. तिनं एके दिवशी बायकांना सांगून टाकलं, "यावेळी तुम्ही ठरवा. माझी नजर गेली." थोरली मावशी म्हणाली, "गेली नाही, आत्ता कुठे आली. उगाच सुटायला बघू नकोस."

होदारेकडे तिचं लक्ष गेलं ते कानोरामुळे. तो रोज सकाळी तिच्या, म्हणजे लांडगाकुळाच्या, घरी लाकडं नेऊन टाकायचा. टोळीतले जे परत आले नाहीत त्यांच्या सगळ्या घरी टाकायचा, कुणी सांगितलं नसताना. एकदा आवेन्हा शेंगा द्यायला म्हणून कानोराकडे गेली तर तो चुलीजवळ बसला होता आणि कानोरा रडत होती. त्याच्याकडे तोंड करून, मोठ्यानं, जे सुचेल ते बोलत, कासवकुळाला शिव्या देत. होदारे ऐकत होता. मधे बोलला नाही, हात धरला नाही. ती दमून थांबली तशी त्यानं विचारलं, "उद्या ओली चालतील का? वाळलेली संपत आलीत." ती म्हणाली, "चालतील." तो उठला आणि बाहेर आला. आवेन्हा त्याच्या मागोमाग बाहेर आली.

"तुला काही होत नाही का रे?"

"होतं की," तो म्हणाला. खांद्यावरची दोरी त्यानं दुसऱ्या खांद्यावर घेतली. "पण मला काय होतं ते तिच्या काय कामाचं?" आणि तो पुढच्या घरी गेला, कारण तिथलीही लाकडं राहिली होती.

तिला तो आवडला नाही. कधीच आवडणार नव्हता. तिनं बायकांसमोर त्याचं नाव घेतलं तेव्हा कुणी गोष्ट सांगितली नाही, कुणी हसलं नाही. प्रत्येकीनं आपापल्या पाळीनं हो म्हटलं.

मका घरात आल्यावर सभा भरली. इतर कुळांची शिंगवाली माणसं एका बाजूला, कासवकुळ दुसऱ्या बाजूला. पुढे बायका, मागे पुरुष आणि पुरुषांच्या शेवटच्या ओळीत तेहोन्ते, खांद्यावर ती मुलगी. आकाश भरून आलं होतं आणि कुंपणाबाहेरच्या रिकाम्या शेतांतून वाळल्या पानांचा आवाज येत होता. होदारे पुढे येऊन उभा राहिला. वाकायला हवं तेवढंच वाकला. आवेन्हानं शिंगं बसवली, कातड्याची वादी त्याच्या हनुवटीखाली बांधली. त्याच्या केसांना कसलाच वास आला नाही, किंवा तिनं घेतला नाही. मग एक पाऊल मागे सरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिनं ते नाव घेतलं. तिच्या जन्माआधीचं, आजीच्या जन्माआधीचं नाव. मामा त्याला ओ द्यायचे.

होदारेनं ओ दिली. स्पष्ट, कोरड्या आवाजात.

पण त्याच्या अर्धा श्वास आधी, मागच्या ओळीत, तेहोन्तेची मान वर झाली होती. चेहरा पुढे आला होता, ओठ उघडले होते, आणि एक पाय जमिनीवरून सुटलासुद्धा होता, इतक्या वर्षांच्या सवयीनं. कुणी पाहिलं नाही, सगळे पुढे बघत होते. तिनं पाहिलं. त्यानंही तिला पाहताना पाहिलं. मग तो पाय त्यानं हळूच होता तिथे ठेवला, खांद्यावरच्या मुलीचा घोटा घट्ट धरला आणि खाली बघितलं. कुळाला विचारलं गेलं की हा माणूस तुम्हाला मान्य आहे का, तेव्हा ओळीओळीनं होकार येत मागेपर्यंत गेला, आणि शेवटच्या ओळीतून त्याचाही आला, इतरांइतकाच मोठा. आवेन्हा होदारेकडे वळली. पुढचं वाक्य समज देण्याचं होतं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचं असतं की तू चुकलास तर आम्ही तुझ्या दाराशी येऊ, पहिल्यांदा मी एकटी येईन. ते तिला पाठ होतं. तिनं ते सबंध म्हटलं, त्याच्या डोळ्यांत बघत, आणि कुठेही आवाज खाली येऊ दिला नाही.